मुलांच्या हातीं रंग देणाऱ्या फ्रीड्लबाई

चित्रकला म्हणजे फावल्या वेळचा विषय, अशी कित्येक पालकांची समजूत असते. त्यांनीं फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस या बाईंचें चरित्र एकवार पाहावें, अशी आमची विनंती आहे.

फ्रीड्लबाईंचा जन्म ३० जुलै १८९८ रोजीं व्हिएन्ना शहरीं एका सामान्य स्थितींतील यहुदी घराण्यांत झाला. बालपणींच त्यांस मातृवियोग घडला. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानांत नोकरीस होते, तेव्हां खेळणें म्हणून कागदच हातीं आला असावा. पुढें जर्मनींतील वायमार येथील बाउहाउस या नामांकित कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. १९३४ सालीं राजकीय मतांमुळें कारावास भोगून त्या प्राग शहरीं आल्या. तेथें निर्वासितांच्या मुलांस चित्रें काढावयास शिकवीत असतां, भेदरलेलीं मुलें रंगांच्या संगतींत सावरतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें. तेथील त्यांची शिष्या ईडिथ क्रॅमर हिनें पुढें अमेरिकेंत चित्रकलेच्या द्वारें बालमनावर उपचार करण्याच्या शास्त्राचा पाया घातला.

डिसेंबर १९४२ मध्यें नाझी सत्तेनें बाईंस व त्यांचे पति पाव्हेल यांस टेरेझीनच्या छावणींत धाडलें. बरोबर नेण्यास मोजकें सामान. त्यांतही बाईंनीं कागद व रंग भरले!

छावणींत बहुतेक मुलें आईबापांपासून निराळीं, दाटीच्या खोल्यांत राहत. अन्न अपुरें, आजार फार, आणि कोणाचें नांव पूर्वेकडील गाडीच्या यादींत लागेल याचा नेम नसे. अशा मुलांस बाई आधीं हात मोकळा करणाऱ्या लयबद्ध रेघा ओढावयास लावीत. मग फुलें, घर, खिडकींतून दिसणारें आकाश. कागद संपला कीं कचेरीचे जुने फॉर्म फाडून चिकटचित्रें होत. मोठ्यांनीं आपली आवड मुलांवर लादूं नये, याविषयीं त्यांचा कटाक्ष असे. या तासानें कोणाचें पोट भरलें नाहीं. तथापि तेवढा वेळ मूल स्वतःच्या मनाचें धनी होई, आणि आमच्या मतें हें थोडें नव्हे.

१९४४ च्या सप्टेंबरांत पतीस पुढें धाडलें, तेव्हां बाईंनीं आपण होऊन मागल्या गाडींत नांव घातलें. ९ ऑक्टोबर १९४४ रोजीं ऑश्विट्झ येथें त्यांचा वध झाला. पति मात्र वांचले.

जाण्यापूर्वीं बाईंनीं सुमारें ४,५०० चित्रें दोन पेट्यांत भरून मागें ठेविलीं होतीं. तीं आज प्राग येथील यहुदी संग्रहालयांत आहेत. चित्रावर स्वतःचें नांव घालावें, असें बाई मुलांस सांगत. त्यामुळें तीं नांवें आजही वाचतां येतात. त्यांतील बहुतेक मुलें ऑश्विट्झ येथें मारलीं गेलीं.