चार्ल्स शेरिंग्टन: शरीरातला ब्रेक समजावून सांगणारे शास्त्रज्ञ

फिट येते तेव्हा मेंदूतल्या खूप पेशी एकदम सिग्नल पाठवायला लागतात, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांना थांबवणारं कुणी नसतं का? असतं. हे मला नीट कळलं ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबद्दल वाचताना.

शेरिंग्टन यांचा जन्म १८५७ चा, लंडनमधला. शिक्षण केंब्रिजला, मग लिव्हरपूलला प्राध्यापक आणि १९१३ पासून ऑक्सफर्डला. दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात त्या जागेला आपण 'सिनॅप्स' म्हणतो, तो शब्द त्यांनीच रूढ केला.

गुडघा वाकवताना मांडीचा मागचा स्नायू आखडतो आणि पुढचा सैल पडतो. शेरिंग्टन यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की हे सैल पडणं आपोआप होत नाही. मज्जारज्जूमध्ये त्या स्नायूचा सिग्नल मुद्दाम दाबला जातो. म्हणजे थांबवणं हेसुद्धा एक कामच आहे! मग त्यांनी प्राण्यांना स्ट्रिक्निन किंवा धनुर्वाताचं विष देऊन पाहिलं. ब्रेकच गेला. जो स्नायू सैल पडायला हवा, तोही आखडू लागला.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे लगेच पटलं. स्वतःलाच कॉल करणाऱ्या फंक्शनला थांबायची अट नसेल तर ॲप क्रॅश होतं. चूक वेगाची नसते, ब्रेक नसल्याची असते.

१९३२ मध्ये शेरिंग्टन यांना एडगर एड्रियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी वाइल्डर पेनफिल्ड यांनी पुढे माँट्रियलमध्ये फिटच्या पेशंटच्या मेंदूवर ऑपरेशनं केली. १९५० मध्ये मेंदूत 'गाबा' हे रसायन सापडलं. ब्रेक लावणाऱ्या पेशी मुख्यतः हेच वापरतात, हे नंतर कळलं. शेरिंग्टन १९५२ मध्ये गेले.

आज आपल्याला माहीत आहे, की ड्राव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या आजारात एका जीनमधल्या बिघाडामुळे मुख्यतः याच ब्रेकवाल्या पेशी कमजोर पडतात. अशा मुलांना फिटची काही नेहमीची औषधं उलट त्रास देतात, कारण ती या पेशींना आणखी दाबतात. फिट थांबवायला नाकात मारतात तो मिडाझोलामचा स्प्रे मात्र गाबाचं काम वाढवतो.

कांदा किंवा चप्पल हुंगवून हा ब्रेक लागत नाही. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.