दुर्रीवर लिहिलेला मृत्युलेख

पत्त्यांच्या जोडात किलवरच्या दुर्रीला कोण विचारतो? पण ब्रेट हार्ट या अमेरिकी कथाकाराने त्या बिचाऱ्या पानावर एका जुगाऱ्याचा मृत्युलेख लिहिला आणि ते पान अजरामर झाले.

हार्टचा जन्म १८३६ सालचा, ऑल्बनीचा. १८५४ मध्ये तो सोन्याने वेडावलेल्या कॅलिफोर्नियात आला. तिथे शिक्षकी केली, छापखान्यात राबला. १८६० मध्ये युनियनटाउनजवळ गोऱ्यांनी वियोत आदिवासींची बायकामुलांसह कत्तल केली. संपादक परगावी होते. तेवीस वर्षांच्या हार्टने वृत्तपत्रात कडक निषेध छापला, आणि थोड्याच दिवसांत त्याला गाव सोडावे लागले.

गावाने घालवून देणे म्हणजे काय, हे तो तिथेच शिकला असावा, असे मला वाटते. कारण जानेवारी १८६९ मध्ये त्याने स्वतः संपादित केलेल्या ‘ओव्हरलँड मंथली’त हद्दपारांचीच कथा आली. पोकर फ्लॅट हे खाणवाल्यांचे गाव. एके दिवशी गाव सोवळे होते आणि जुगारी ओकहर्स्ट, दोन बदनाम बायका व एक दारुडा यांना हाकलून देते. वाटेत त्यांना लग्नासाठी पळून निघालेले एक भाबडे जोडपे भेटते. त्यातल्या तरुणाचे जिंकलेले चाळीस डॉलर ओकहर्स्टने पूर्वी परत केलेले असतात. दारुडा रात्रीतून खेचरे पळवतो. पुढे हिमवर्षावात सारे अडकतात. एक बाई आपला घास त्या मुलीसाठी राखून उपाशी मरते. ओकहर्स्ट तरुणाला मदत आणायला पाठवतो, बायकांसाठी सरपण रचून ठेवतो आणि निघून जातो. पुढे तो पाइनच्या झाडाखाली मृत सापडतो. स्वतःच्याच पिस्तुलाने त्याने जीव दिलेला असतो. खोडात सुऱ्याने खोचलेल्या दुर्रीवर त्याने एवढेच लिहिलेले असते, की अमुक तारखेला नशीब फिरले आणि अमुक तारखेला डाव सोडला.

त्या हिशेबात परत केलेले चाळीस डॉलर नाहीत, की सरपण नाही. मृत्युलेख हरल्याचा हिशेब ठेवतो, दिल्याचा नाही. मला या कथेचा अर्थ इथे सापडतो.

हार्टचेही दान असेच फिरले. १८७१ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ने त्याला वर्षाला दहा हजार डॉलर देऊ केले, पुढच्या वर्षी करार झाला नाही. कर्ज चढले. १८७८ मध्ये जर्मनीत आणि १८८० मध्ये ग्लासगोत त्याने वाणिज्यदूताची नोकरी केली. १८८५ मध्ये तीही गेली. मायदेशी तो परतला नाही. लंडनमध्ये त्याच त्या खाणीच्या गोष्टी लिहीत राहिला आणि बायकामुलांना पैसे पाठवत राहिला.

५ मे १९०२ रोजी तो गेला. इंग्लंडमधल्या फ्रिमलीत त्याच्या थडग्यावर त्याच्याच कवितेतली एक ओळ कोरली आहे. तिथे युनियनटाउनचा उल्लेख नाही. माणूस गेल्यावर दोन ओळी लिहायची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा त्याने कुणासाठी सरपण रचून ठेवले होते, हे आधी आठवावे.