क्रियापदांच्या मुळांचा शोध : इतिहासाचार्य राजवाडे यांचे चरित्र

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हे नाव उच्चारले, की आपल्या डोळ्यांसमोर जुनी दप्तरे, मोडी कागद आणि पानिपताच्या वेळची पत्रे उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली, त्याच राजवाड्यांनी मराठी भाषेच्या क्रियापदांची मुळे शोधण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला, याची आठवण आपणांपैकी थोड्यांनाच असते. महाराष्ट्रापासून दूर, कानडी मुलखात राहून मराठी टिकवू पाहणाऱ्या आम्हां मंडळींना तर राजवाड्यांचे हे दुसरे कार्य अधिक जवळचे वाटावयास हवे. म्हणून मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

राजवाड्यांचा जन्म 1863 साली झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले; पण पदवी मिळवून सरकारी नोकरीची वाट धरावी, हा त्या काळचा सुशिक्षितांचा सरळ मार्ग त्यांना मानवला नाही. काही काळ शिक्षकी केली, तीही सोडली. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. पुढे त्यांचा संसार म्हणजे एक घोंगडी, स्वतःच्या हाताने रांधण्याची चार भांडी आणि कागदांची गाठोडी एवढाच राहिला.

परदेशी ज्ञान मराठीत यावे म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोच्या ग्रंथाचे मराठी रूपांतर केले. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन मराठीतच लिहावयाचे, हा त्यांचा बाणा अखेरपर्यंत सुटला नाही. त्यामुळे युरोपातील पंडितांत त्यांचे नाव व्हावे तितके झाले नाही. ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली, असेच म्हणावे लागते.

1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रव्यवहार होता. पुढे या मालेचे एकंदर 22 खंड निघाले. गावोगाव पायपीट करावी, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवावीत, कोठे आदर तर कोठे अविश्वास पदरी घ्यावा, असा हा उद्योग वर्षानुवर्षे चालला. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत खंडेराव मेहेंदळे यांच्याबरोबर राजवाड्यांचा पुढाकार होता. मात्र संस्था स्थापन करणे त्यांना जितके साधले, तितके संस्थेत रमणे साधले नाही. स्वभाव कडक, मत ठाम आणि तडजोडीचा तिटकारा; त्यामुळे मतभेद झाले आणि त्यांनी पुणे सोडले. उत्तरायुष्यात ते धुळ्यास राहिले.

आता भाषेकडे वळू. हजारो जुनी पत्रे वाचताना राजवाड्यांच्या ध्यानात आले, की मजकूर जसा इतिहासाचे साधन आहे, तशी त्या मजकुराची भाषाही आहे. शिवकालीन व त्यापूर्वीच्या पत्रांत फारसी शब्दांची एवढी गर्दी आहे, की एखादे वाक्य मराठी आहे की फारसी, असा प्रश्न पडावा. परंतु नामे कितीही परकी असली, तरी वाक्याच्या शेवटी क्रियापद मराठीच असते आणि विभक्तीचे प्रत्ययही मराठीच असतात. ‘बदलणे’, ‘गुजरणे’, ‘फर्मावणे’ या क्रियापदांची मुळेसुद्धा परकी. पण मराठीने त्यांना आपला ‘णे’ लावला आणि आपल्या काळ-अर्थांत चालविले. भाषेचा जीव नामात नसून क्रियापदात असतो, ही गोष्ट या कागदांवरून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल.

क्रियापदांचे हे वेड घराण्यातच होते म्हणा ना. त्यांचे बंधू वैजनाथ काशीनाथ राजवाडे यांनी यास्काच्या निरुक्ताचा व्यासंग केला. सर्व नामे धातूंपासून निघाली, हे शाकटायनाचे मत निरुक्तात चर्चिलेले आहे. विश्वनाथपंतांनी त्याच दृष्टीने मराठीकडे पाहिले. 1909 साली त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. व्याकरणाकडे नियमांची यादी म्हणून न पाहता रूपांचा इतिहास म्हणून पाहणे, हे त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

या दृष्टीचे मर्म दोन-चार उदाहरणांनी ध्यानात येईल. ज्ञानेश्वरीच्या काळी ‘करी’, ‘म्हणे’, ‘जाय’ ही साधी वर्तमानकाळाची रूपे होती. आज ‘आजी रोज पहाटे जात्यावर ओव्या म्हणे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तेच रूप भूतकाळातील रीत दाखविते. वर्तमानाची जागा ‘करितो’, ‘म्हणतो’ या नव्या रूपांनी घेतली आणि जुने रूप एक पायरी मागे सरकले. तेच ‘म्हणे’ आणखी एका ठिकाणी जाऊन बसले आहे : ‘तो उद्या येणार म्हणे’ या वाक्यात ते क्रियापद उरलेलेच नाही, ऐकीव गोष्टीची खूण तेवढी झाले आहे.

‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे शब्द आपण दिवसातून शंभरदा उच्चारतो. ही दोन्ही जुनी कर्मणी रूपे होत. ‘पाहिजे’ म्हणजे मुळात पाहिले जाते, शोधले जाते. ‘म्हणजे’ म्हणजे म्हटले जाते. ती घडण मोडून गेली, तरी तिचे हे दोन अवशेष आपल्या जिभेवर जिवंत आहेत.

तिसरे उदाहरण भूतकाळाचे. ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी पोळी खाल्ली’. येथे क्रियापद कर्त्याला न जुमानता कर्माप्रमाणे चालते, कारण संस्कृतातील ‘कृत’, ‘गत’ यांसारख्या कर्मणी धातुसाधितांचा वारसा मराठी भूतकाळाला मिळालेला आहे. कानडीत मात्र क्रियापद कर्त्यामागूनच चालते. आपल्या घरातील मूल शाळेतून येऊन ‘मी पोळी खाल्लो’ असे म्हणते, तेव्हा ते नुसते चुकत नसते. दोन भाषांच्या दोन स्वभावांमध्ये त्याची ओढाताण होत असते.

राजवाड्यांच्या या कार्याची थोरवी नीट कळावी म्हणून थोडे मिसर देशाकडे पाहू. जीन फ्रान्स्वा शांपोल्यॉ या फ्रेंच पंडिताने 1822 साली तेथील चित्रलिपी उलगडली. 1832 साली, अवघ्या 41व्या वर्षी तो वारला. त्याचे मिसरी व्याकरण त्याच्या थोरल्या भावाने 1836 पासून प्रसिद्ध केले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण छापून निघाले ते सालही 1836च. मिसरी लिपीत केवळ व्यंजने लिहीत. ‘स-ज-म’ या तीन व्यंजनांचा अर्थ ऐकणे. त्यापुढे ‘फ’ लावला की तो ऐकतो आणि मध्ये ‘न’ घातला की त्याने ऐकले. सारखी व्यंजने असलेले शब्द ओळखावयाचे कसे, तर शब्दाच्या शेवटी अर्थदर्शक चित्र काढीत. जाण्यायेण्याच्या क्रियापदापुढे चालणारे पाय, बोलण्याखाण्याच्या क्रियापदापुढे तोंडाशी हात नेणारा मनुष्य. पुढे ही जुनी रूपेही झिजली आणि ‘करणे’ या अर्थाच्या धातूचे साहाय्य घेऊन नवी रूपे घडली. कॉप्टिक या मिसरीच्या शेवटच्या अवतारात ‘त्याने ऐकले’ याची घडण मुळात ‘त्याने ऐकणे केले’ अशी आहे. आपणही ‘फोन केला’, ‘अर्ज केला’ असे म्हणतोच की !

मराठीत अर्थदर्शक चित्रे नाहीत. वाटणे म्हणजे चटणी वाटणे, प्रसाद वाटणे की मनाला वाटणे ? लिहिण्यात तिन्ही एकच. एका उच्चाराखाली अनेक धातू लपलेले असतात आणि त्यांना अर्थावरून वेगळे केले पाहिजे, हे जाणून राजवाड्यांनी मराठी धातूंचा कोश रचावयास घेतला. एकेका धातूपुढे त्याचा अर्थ आणि त्याचे संस्कृत मूळ मांडीत त्यांनी हजारो क्रियापदांची छाननी केली. साहाय्यकांचा ताफा नाही, विद्यापीठाचा आश्रय नाही. बर्लिन येथे मिसरी भाषेच्या महाकोशाचे काम 1897 पासून अनेक देशांच्या विद्वानांच्या साहाय्याने चालले होते. त्याचा पहिला खंड निघाला 1926 साली. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबर रोजी राजवाड्यांनी धुळे येथे देह ठेवला. त्यांचा कोश हस्तलिखितातच होता.

लगेच पुढल्या महिन्यात धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापिले आणि त्यांचे कागद जपले. प्रा. कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली 1937 साली धातुकोश आणि 1942 साली नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाला. शांपोल्यॉच्या व्याकरणाप्रमाणेच ही संपत्तीही कर्त्याच्या मागे राहिलेल्यांनी राखली म्हणून आपल्या हाती आली.

राजवाड्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले, असे नाही. मराठी शब्द थेट संस्कृत धातूशी नेऊन भिडविण्याच्या हौसेने त्यांनी पुष्कळ ठिकाणी ओढाताण केली. प्राकृतांतील मधल्या पायऱ्या आणि कानडीसारख्या शेजारच्या भाषांचे देणे यांना द्यावे तितके महत्त्व त्यांनी दिले नाही. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ या बाबतीत अधिक काटेकोर आहे. परंतु मराठीचे प्रत्येक क्रियापद शोध घेण्याच्या योग्यतेचे आहे, ही श्रद्धा राजवाड्यांनी दिली आणि तिची थोरवी चुकलेल्या व्युत्पत्तींमुळे उणावत नाही.

आमच्या बंगळूर शहराशीही त्यांचे एक नाते आहे. जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य राजवाड्यांनी 1922 साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. बंगळूर येथे नांदलेल्या शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र त्यात आहे आणि त्या दरबारात अनेक भाषांचे कवी एकत्र जमत असत. मराठी व कानडी या दोन भाषा या नगरात शेजारी म्हणून नांदू लागल्यास साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, ही गोष्ट त्या ग्रंथाने आपल्यापुढे ठेविली.

घरात चार कानडी नि दहा इंग्रजी शब्द आले म्हणून मराठी बुडाली, असा आक्रोश करण्याचे कारण नाही. ‘तूप’, ‘अक्का’, ‘अण्णा’ हे शब्द आपण कानडीकडूनच घेतले आणि ते मराठीला भूषण झाले. जपावयाचे आहे ते क्रियापद. मुलांनी वाक्य मराठी क्रियापदावर संपविले, ‘खाल्ला’ आणि ‘खाल्ली’ यांतील भेद राखला, ‘वाटणे’ या शब्दाचे तिन्ही अर्थ ओळखले, तर भाषा हाती राहिली असे समजावे. एका निष्कांचन पुरुषाने घोंगडीवर बसून ज्या धातूंची रास रचली, ती आमच्या घरांत रोजच्या बोलण्यात खर्ची पडत राहो. त्यांच्या स्मृतीस आम्ही वाहावयाची आदरांजली याहून निराळी नाही.