नीरेचा अभ्यास करणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

दापोडे म्हटले की आता भिवंडीची गोदामे आठवतात. पण ठाणे-पालघर पट्ट्यात ताड आणि शिंदीची झाडे अजून उभी आहेत. त्यांच्या नीरेला अन्न म्हणून मान मिळवून देणाऱ्या डॉ. कमला सोहोनी तुम्हाला माहीत असायला हव्यात.

त्या मूळच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या बहीण. 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि त्यांनी काम करून दाखवले. पुढे केंब्रिजला बटाट्यात त्यांना सायटोक्रोम-सी सापडले. वनस्पतीची पेशी श्वसनात साखर वापरून ऊर्जा मिळवते, त्या साखळीतला हा दुवा. (साठवलेला बटाटाही श्वास घेतो आणि वजनाला उतरतो, हे तुम्ही पाहिलेच असेल.) 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्यावर, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा हाती घेतली. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असून ती ताडगुळात आणि काकवीतही टिकतात, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा उपयोग झाला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या कामाचे. नीरेतली मुख्य साखर सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ऊन चढले की मडक्यातले यीस्ट ही जोडी फोडते आणि सुट्या साखरेचे मद्यार्क करते. नीरेची ताडी होते ती अशी. रस आंबट झाला तरी जोडी फुटते, आणि सुटी साखर वाढली की गूळ घट्ट बसत नाही, चिकट राहतो. म्हणून मडके दर वेळी स्वच्छ धुवा, आतून चुना लावा, नीरा पहाटेच उतरवा आणि लगेच गाळून कढईत घ्या. चुन्याने आंबणे थांबत नाही, फक्त लांबते. जास्त चुना मात्र चव बिघडवतो.

नीरा काढायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो आधी घ्या.

कमलाबाई 1998 मध्ये वारल्या.