डी. बून : काटकसरीचा गिटारिस्ट

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटमधली. दहावीपर्यंत मराठी निबंध म्हटला की पोटात गोळा यायचा. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा माणूस मला मराठीतच सांगायचा होता, कारण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे काटकसर, आणि तो आपल्या घरांत पाळण्यापासून कानावर पडतो.

गेल्या गॅदरिंगला मी बेस वाजवला. स्टेजवरून उतरल्यावर माझ्या रूममेटने अगदी प्रेमाने विचारलं, की मी तिथे नुसतीच उभी का होते! गिटारचा आवाज एवढा फुल्ल होता, की बेस आहे हे मलासुद्धा फक्त बोटांना कळत होतं. त्याच आठवड्यात पास आउट झालेल्या एका सिनियरच्या हार्ड डिस्कमध्ये ‘मिनिटमेन’ या बँडवरची २००५ सालची डॉक्युमेंटरी सापडली. सबमिशन बाजूला ठेवून ती दोनदा पाहिली. त्या बँडमध्ये बेस ऐकू येतो. चक्क स्पष्ट ऐकू येतो. आणि तो ऐकू यावा म्हणून गिटारवाल्याने मुद्दाम जागा सोडलेली आहे. तो गिटारवाला म्हणजे डेनिस डेल बून, ऊर्फ डी. बून.

जन्म १ एप्रिल १९५८. लॉस एंजेलिस म्हटलं की आपल्याला हॉलिवूड आठवतं, पण त्याच शहराच्या दक्षिण टोकाला सॅन पेड्रो नावाचा बंदराचा भाग आहे. गोदीत काम करणारे, नौदलात नोकरी करणारे, असे लोक तिथे राहतात. बून तिथेच वाढला. घर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी, ज्यांची नंतर सरकारी वसाहत केली होती. वडील गाड्यांमध्ये रेडिओ बसवायचं काम करायचे.

तेरा वर्षांचा असताना तो एकदा बागेत झाडावर चढून बसला होता. खालून जाणारा मुलगा आपला मित्रच आहे असं समजून त्याने त्याच्यावर थेट उडी मारली. मुलगा भलताच निघाला. त्याचं नाव माइक वॉट. (हो, पॉवरच्या युनिटवालाच वॉट, स्पेलिंगसकट!) तिथून जी दोस्ती झाली ती शेवटपर्यंत. बूनच्या आईला वाटायचं, पोरांनी रस्त्यावर उंडारण्यापेक्षा घरात काहीतरी वाजवत बसावं. तिने मुलाच्या हातात गिटार दिली आणि वॉटने बेस वाजवायचा असं ठरवून टाकलं. बेस म्हणजे काय हे वॉटला माहीतच नव्हतं. चार तारा असतात एवढं फोटोत दिसायचं, म्हणून त्याने साध्या गिटारवर चारच तारा ठेवल्या. दोघांची वाद्यं एकमेकांशी ट्यून करायची असतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाला तार घट्ट आवडते, कुणाला सैल, एवढाच तो प्रश्न आहे असं त्यांना वाटायचं. फर्स्ट इयरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आपण असेच असतो, नाही का?

पुढे पंक आलं. तोपर्यंत रॉक म्हणजे स्टेडियममध्ये वाजवणारे देव आणि आपण त्यांची कॉपी करणारे भक्त, असाच सगळा मामला होता. हॉलिवूडच्या क्लबांत आपल्यासारखीच साधी पोरं स्वतःची गाणी वाजवताना पाहिल्यावर दोघांना धीर आला. १९७८ मध्ये ‘रिअॅक्शनरीज’ नावाचा चौघांचा बँड झाला. त्यात वेगळा गायक होता. पण एकाने पुढे मिरवायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, हे बून आणि वॉटला पटेना. १९८० मध्ये ‘मिनिटमेन’ सुरू झाला, त्यात वेगळा गायक ठेवलाच नाही. थोड्याच दिवसांत सर्फिंग सोडून ड्रम्सकडे वळलेला जॉर्ज हर्ली आला आणि तिघं पक्के झाले. गाणं बहुतेक वेळा बूनच म्हणायचा, पण हिरो असा कुणी नाही. जुन्या गायकालाही त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच वर्षी त्याला बरोबर घेऊन त्यांनी ‘न्यू अलायन्स’ नावाची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली.

त्यांचं पहिलं रेकॉर्ड मात्र ‘एसएसटी’ या कंपनीने काढलं. ईएनटीसीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. कंपनीचा मालक ग्रेग गिन रेडिओचे सुटे भाग विकायचा, आणि नावातले दोन एस हे सॉलिड स्टेटचे! त्या पहिल्या रेकॉर्डवर सात गाणी आहेत आणि सगळी मिळून सात मिनिटंसुद्धा भरत नाहीत. इंग्लंडच्या ‘वायर’ आणि ‘पॉप ग्रुप’ या बँडांकडून ते एक गोष्ट शिकले होते, की गाण्याला ध्रुवपद लागतंच असं नाही. म्हणणं संपलं की गाणं संपलं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची ८२ ला. गिटारला डिस्टॉर्शन लावून खालचा आवाज वाढवला की ती बेसच्या घरात घुसते आणि मग बेस बिचारा मुका होतो. बूनने उलट केलं. अॅम्प्लिफायरवर ट्रेबल वर, बेस खाली, डिस्टॉर्शन नाही. त्यामुळे त्याची गिटार पत्र्यावर नखं ओढल्यासारखी धारदार वाजते आणि खाली वॉट आणि हर्लीला मोकळं रान मिळतं. यात त्याचं राजकारण होतं. बाहेर बरोबरीच्या गोष्टी करायच्या आणि स्टेजवर दोस्ताचा आवाज दाबायचा, हे त्याला चालणार नव्हतं. गाण्यांचे विषय काळेकुट्ट असायचे. युद्ध, अणुबॉम्बची भीती, मध्य अमेरिकेतली रेगन सरकारची लुडबुड. आणि हे सगळं गाताना तो धिप्पाड, जाडजूड माणूस स्टेजवर चेंडूसारखा उड्या मारायचा. व्हिडिओ पाहून आधी हसू येतं, मग येत नाही.

काटकसरीचं काय सांगू! स्टुडिओ मध्यरात्रीनंतर स्वस्त मिळतो म्हणून रात्री रेकॉर्डिंग. टेप आधी कुणीतरी वापरलेली. गाणी ज्या क्रमाने रेकॉर्डवर हवीत त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे नंतर कापाकापीचा खर्च नको. दौऱ्यावर स्वतःची व्हॅन, सामान उचलायला तिघंच, झोपायला कुणा ओळखीच्याची फरशी. याला चिंगूसपणा म्हणू नका. कमी खर्च म्हणजे कमी कर्ज, आणि कर्ज नाही म्हणजे कुणाचं ऐकायचं कारण नाही.

१९८३ च्या शेवटी त्यांचा एक अल्बम तयार होता. तेवढ्यात ‘हुस्कर डू’ या मित्रांच्या बँडने डबल अल्बम रेकॉर्ड केल्याचं कळलं. झालं! यांनीही भराभर आणखी गाणी लिहिली. ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ जुलै १९८४ मध्ये आला. ४५ गाणी, खर्च सुमारे ११०० डॉलर. निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं, डाइम म्हणजे दहाचं. दोन निकल म्हणजे ५५, हायवेवरची तेव्हाची ताशी ५५ मैलांची मर्यादा. त्या सुमाराला एका रॉकस्टारने आपल्याला ५५ ने गाडी चालवता येत नाही असं फुशारकीचं गाणं काढलं होतं, त्याची ही टिंगल. गाडी शिस्तीत चालवू आणि धाडस गाण्यात करू, असा त्याचा अर्थ. कव्हरवर वॉट गाडी चालवतोय आणि काटा ५५ वर आहे.

डिसेंबर १९८५ मध्ये ते आर.ई.एम. बरोबर दौऱ्यावर होते. १३ तारखेला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे शेवटचा कार्यक्रम झाला. नंतर बून अॅरिझोनाकडे निघाला, बँडबरोबर नाही, खासगी कामासाठी. अंगात ताप होता म्हणून व्हॅनच्या मागच्या भागात पट्टा न लावता आडवा झाला होता. २२ डिसेंबरला दहा नंबरच्या इंटरस्टेट हायवेवर, वाळवंटात, व्हॅनला अपघात झाला. तो मागच्या दारातून बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. वय २७. दोनच दिवसांपूर्वी वॉट २८ वर्षांचा झाला होता.

मिनिटमेन तिथेच संपला. दुसरा गिटारिस्ट घेऊन तेच नाव चालवायचा विचारही झाला नाही. वॉट तर वाद्यच सोडून बसला होता. शेवटी ओहायोहून आलेल्या एका चाहत्याने चिकाटीने त्याला आणि हर्लीला परत वाजवायला लावलं आणि १९८६ मध्ये ‘फायरहोज’ हा वेगळा बँड झाला. तेव्हापासून वॉट आपलं प्रत्येक रेकॉर्ड बूनला अर्पण करतो.

आणि बूनची एक धून बऱ्याच जणांनी नकळत ऐकलेली आहे. २००० साली एमटीव्हीवर ‘जॅकअॅस’ हा अंगाला इजा करून घेणाऱ्या वेड्या पोरांचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं सुरुवातीचं संगीत म्हणजे ‘डबल निकल्स’मधलं ‘कोरोना’. मूळ गाणं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बिअरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या एका गरीब बाईवरचं. वॉटने परवानगी दिली, कारण बूनचे वडील आजारी होते आणि मुलाच्या वाट्याचे पैसे त्यांना मिळणार होते.

यंदाच्या गॅदरिंगला आम्ही तिघंच आहोत. आमच्या गिटारवाल्याला डॉक्युमेंटरी दाखवली. त्याने अॅम्प्लिफायरवरचा बेसचा नॉब स्वतःच्या हाताने शून्यावर आणला. दुसऱ्या गाण्यापर्यंत तो परत सातवर होता. मी उठले आणि परत खाली केला.