हाफकिन व मलकवालची बाटली

मिडलच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस शास्त्राच्या प्रयोगवहीचा मोठा कंटाळा असतो. खामगांवच्याच नव्हे, सगळीकडच्या मुलांची ही तऱ्हा आहे आणि पालकांसही ती ठाऊक असावी. उद्देश, साहित्य, कृति, निरीक्षण व अनुमान हीं नांवें मुलें घडाघड म्हणतात. परंतु निरीक्षणाच्या रकान्यांत डोळ्यांस दिसलें तें न लिहितां, पुस्तकाप्रमाणें जें दिसावयास पाहिजे होतें तें उतरून काढतात. नळी तडकली, चिमटा खालीं पडला, असल्या गोष्टी तर वहींत लिहावयाच्याच नसतात असा त्यांचा समज असतो. मुंबईस परळ येथें ज्यांच्या नांवाची संस्था आहे, त्या वॉल्डेमार हाफकिन यांची अब्रू अशाच एका खालीं पडलेल्या चिमट्याच्या हकीकतीवर अवलंबून राहिली होती. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत मेचनिकॉफ या थोर जंतुशास्त्रज्ञाच्या हाताखालीं ते शिकले. पुढें पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें त्यांस प्रथम जागा मिळाली ती ग्रंथालयांतली. प्रयोगशाळेंत ते फावल्या वेळीं काम करीत. पटकीवर लस तयार होतांच जुलै १८९२ मध्यें त्यांनीं ती आधीं स्वतःस टोंचून घेतली. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले व बंगाल आणि उत्तरेकडील प्रांतांत हजारों लोकांस त्यांनीं ती लस टोंचली.

१८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला. प्लेग आला कीं घरेंदारें सोडून गांवाबाहेर झोपड्या घालावयाच्या, हें आपल्या वऱ्हाडांतही पुढें लोकांस करावें लागलें. मुलांनीं घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहावें. सरकारनें हाफकिन यांस मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढाच त्यांचा सरंजाम होता. मांसाच्या रसावर तुपाचा थेंब तरंगत ठेवून त्याखालीं त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले. वडाच्या पारंब्यांप्रमाणें ते तुपापासून खालीं लोंबत. बाटली हलविली कीं त्या पारंब्या गळून तळाशीं बसत व नव्या फुटत. असें कांहीं आठवडे केल्यावर तें द्रव्य तापवून जंतु मारावयाचे, म्हणजे लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं स्वतःस टोंचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत, जे कैदी खुषीनें पुढें आले त्यांस टोंचली.

हाफकिन यांची लिहिण्याची रीत विद्यार्थ्यांनीं नीट पाहावी. फेब्रुवारी १८९८ मध्यें बडोद्याजवळच्या उंडेरा गांवीं त्यांनीं प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोंचली व निम्म्यांस तशीच ठेविली. अन्न तेंच, घर तेंच, उंदीरही तेच. फरक काय तो लशीचा. मग दोन्ही बाजूंची गणती मांडली. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ आजारी पडले व २६ मेले. टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ८ आजारी पडले व ३ मेले. हे तीन मृत्यु त्यांनीं झांकले नाहींत. आमच्या मतें त्या तक्त्याचें खरें वजन त्या तिघांमुळेंच आहे. कारण कोणीच मेलें नाहीं असें लिहिणाऱ्यावर शहाणा वाचक सहसा विश्वास ठेवीत नाहीं.

१८९९ सालीं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. पंजाबांतून लशीला एवढी मागणी आली कीं हाफकिन यांनीं काम उरकण्यासाठीं कारबॉलिक ॲसिड मिसळणें सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली. याच सुमारास घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकवाल गांवीं पांच बाटल्यांतून १०७ लोकांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं ५३ एन या एका बाटलीतून ज्या १९ जणांस टोंचलें, ते सर्व धनुर्वातानें मेले.

चौकशी झाली. दोष परळचाच, बाटली तेथेंच दूषित झाली, असा चौकशी मंडळाचा निर्णय पडला. हाफकिन यांस प्रमुखपदावरून दूर करण्यांत आलें व १९०४ सालीं ते विलायतेस गेले. कारबॉलिक ॲसिड सोडल्याचा ठपका त्यांच्यावर होता आणि वरवर पाहतां तो खराही वाटे.

परंतु कागद शिल्लक होते. बाटलीवर क्रमांक होता, त्यामुळें ती ४१ दिवसांपूर्वीं भरलेली होती हें कळत होतें. साक्षींत असेंही लिहिलें गेलें होतें कीं, बूच काढण्याचा चिमटा मलकवाल येथें मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला व तो नीट निर्जंतुक न करितां वापरला गेला. तसेंच बाटली उघडतांना डॉक्टरांनीं वास घेऊन पाहिला, पण दुर्गंधि आली नाहीं. धनुर्वाताचे जंतु त्या रसांत ४१ दिवस वाढते तर दुर्गंधि आल्याशिवाय राहती ना. म्हणजे विष परळचें नव्हे, मलकवालच्या मातींतलें! हे कागद १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तेव्हां मलेरिया डांसांमार्फत पसरतो हा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनीं ते बारकाईनें वाचून हाफकिन यांची बाजू उचलली. जुलै १९०७ मध्यें त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र लंडनच्या टाइम्समध्यें आलें. चिमट्याची गोष्ट सांगणारानें ती क्षुल्लक समजून गाळली असती, तर या दहांच्या हातीं काय राहिलें असतें?

हाफकिन परत आले. पण त्यांस परळ मिळालें नाहीं, कलकत्त्यास जागा मिळाली. निर्दोष ठरलेल्या माणसास त्याचें स्वतःचें टेबल परत न देणें हा न्याय आम्हांस अपुरा वाटतो. १९१४ सालीं ते निवृत्त झाले. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव देण्यांत आलें, तेव्हां ते हयात होते. १८९७ पासून तोंवर मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारें २ कोटि ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें त्यांचें देहावसान झालें.