गर्दींत माणूस पाहणारा चित्रकार

जत्रेंत आपण दुकानें पाहतों. शेजारून चाललेल्या माणसाचें तोंड सहसा पाहत नाहीं. महादेव विश्वनाथ धुरंधर यांची रीत निराळी होती. १८६७ सालीं कोल्हापुरांत जन्मलेले हे गृहस्थ १८९० सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले व पुढें तेथेंच शिक्षक झाले. १८९५ सालीं त्यांस बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें, परंतु तें असो. मुंबईच्या रस्त्यांतील गर्दी हीच त्यांची बारमाही जत्रा. फेरीवाल्यानें पागोटें कसें गुंडाळिलें, कोळणीनें पदर कोठें खोंचला, ओझ्याखालीं मान कशी वळली, हें त्यांनीं नेमकें टिपिलें. त्यांनीं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेकहि रंगविला. तथापि कोळणीच्या चित्रांत रेषेची कसूर केली नाहीं. हीं साधीं माणसें टपालाच्या चित्रकार्डांवरून घरोघर पोहोंचलीं. धुरंधर १९४४ सालीं वारले.